भिंतीपलीकडचा बेस

आमच्याकडे खोली म्हटली की दहा बाय दहा. केवढी पाहिजे असं गवंडी विचारतच नाही, किती पाहिजेत एवढंच विचारतो. घर बांधताना मी तीन म्हणालो आणि त्याने दोरी धरून तीन सारख्या खोल्या आखल्या, एकीला एक लागून. उन्हाळ्यात स्लॅब तापतो म्हणून उंचीही मी हट्टाने दहा फुटांची करून घेतली. तिन्ही खोल्यांची दारं पुढच्या ओसरीत उघडतात. पहिलीत आमचा संसार, मधली आबांची म्हणजे माझ्या वडिलांची, आणि शेवटची माझ्या गाण्याची.

गाणी ऐकायला स्वतंत्र खोली, हे ऐकून गावाने मला वेड्यात काढलं. जन्मभर मेंढरं राखणाऱ्याच्या घरात असली थेरं, असं लोक तोंडावर म्हणाले. मी कुणाला जुमानलं नाही. मी दूध संकलन केंद्रावर फॅट तपासतो. पहाटे आणि संध्याकाळी कॅनांचा नुसता खणखणाट, आणि ज्याचं फॅट कमी लागतं तो माझ्यावर ओरडतो. दुपारचे तीन-चार तास तेवढे माझे. त्या वेळात कुणी मध्ये बोललं की माझं डोकं सटकतं. हे घरात सगळ्यांना पाठ होतं, म्हणून त्या खोलीचं दार कुणी वाजवत नसे. आज हे लिहितानासुद्धा मला त्या न वाजलेल्या दाराची लाज वाटते.

स्पीकर आणले ते संभाजीनगरच्या एका गृहस्थाकडून. कमरेएवढे उंच, जुने, पण लेकरासारखे जपलेले. त्यांच्या दिवाणखान्यात मी ढोल लावून ऐकला तेव्हा तो छातीत उतरला होता. पिकअपमध्ये घोंगड्यांत गुंडाळून मी ते आणले, खोलीत मांडले, मधोमध खुर्ची ठेवली आणि तोच ढोल लावला. काही नाही. ढोल वाजतोय हे कळत होतं, पण त्याच्या पोटातला आवाजच गायब. मला वाटलं वायर उलटी लागली. बघायला उठलो, भिंतीपाशी गेलो आणि दचकलो. तिथे ढोल अंगावर आला. परत खुर्चीत बसलो तर पुन्हा पोकळ. भिंतीशी ढोल आणि खुर्चीत टाळ. एकाच खोलीत, चार पावलांच्या अंतरात. मी तीन-चार वेळा उठबस केली आणि शेवटी नुसताच उभा राहिलो.

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी आणखी एक डबा आणला. नुसत्या खालच्या आवाजासाठी वेगळा डबा मिळतो, त्याला सबवूफर म्हणतात. प्लगचा पॉइंट आबांच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात होता, म्हणून डबा तिथेच बसवला. खुर्चीत बेस थोडा आला, समाधानापुरता नाही. मग मी बटण वाढवत गेलो. आठवड्याला थोडं थोडं. कान पोकळीला सरावले की आणखी थोडं.

आता आबांबद्दल सांगतो. गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी मेंढरं विकली. खरं तर विकायला मी लावली. शेवटच्या कातरणीची लोकर मात्र त्यांनी ठेवून घेतली. आजकाल ती कुणी फुकटसुद्धा नेत नाही, पण तेरा पोती लोकर त्यांच्या खोलीतल्या माळ्यावर रचलेली होती. खाटेवर ते कधी झोपले नाहीत. भिंतीच्या कडेला फरशीवर घोंगडी, दंडावर डोकं, आणि एक कान जमिनीला. ती सवय रानातली. जाळीच्या वाघुरात मेंढरं बसवायची आणि कडेला आपण आडवं व्हायचं. लांडगा आला तर त्याची चाहूल लागत नाही, पण मेंढरं बिचकून उठली की जमीन सांगते. हवेतून आवाज यायच्या आधी जमिनीतून येतो, असं ते मला लहानपणी सांगायचे. त्यांचा कान कधी चुकला नव्हता. तलवाड्याच्या शिवारात एकदा चार कळप शेजारी-शेजारी बसले होते, तेव्हा आपलाच कळप उठलाय हे त्यांनी पडल्या पडल्या ओळखलं होतं. हे त्यांनी नाही, बाकीच्या मेंढपाळांनी मला सांगितलं.

दिवाळीनंतर कधीतरी ते दुपारचे उठून बाहेर जायला लागले. काठी घ्यायची, घरामागे जायचं, इकडेतिकडे बघायचं. विचारलं तर म्हणायचे, "मेंढरं उधळली." पहिल्यांदा आम्ही हसलो. त्यांनाही हसू आलं. मग ते आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग जवळपास रोज व्हायला लागलं. चैत्रात एकदा भर उन्हात अनवाणी डांबरी रस्त्यापर्यंत गेले. दूधवाल्याने गाडीवर बसवून आणलं तेव्हा तळपायाला फोड आले होते.

बायको त्या दिवशी माझ्यावर चिडली. "तुमी तिकडं गाणी लावून बसता आन मामा काठी घेऊन उन्हात जातेत. घरात माणूस हाय का न्हाई, ध्यान ठेवावं की."

दोन्ही गोष्टी तिने एका दमात सांगितल्या होत्या. मला त्यात फक्त टोमणा ऐकू आला.

आबांना बीडला नेलं. डॉक्टर भले होते, घाई नव्हती त्यांना. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं, की मेंढरं विकून दोन वर्षं झाली तरी ह्यांना मेंढरं पळताना ऐकू येतात. आबांना त्यांनी वार विचारला, तो बरोबर आला. गाव बरोबर आलं. साल विचारलं, ते आलं नाही. साल त्यांना आयुष्यात कधीच माहीत नव्हतं, पण हे सांगायचं मला सुचलं नाही. वयानुसार होतं असं, म्हणून डॉक्टरांनी दुपारी जेवणानंतर एक गोळी लिहून दिली. त्यांना मी दोष देत नाही. मी सांगितलं तेच त्यांनी ऐकलं.

गोळीने आबा सुस्त झाले. जीभ जड झाली, चहा घेताना हात हलायला लागला. तरी ते उठायचेच. मधे मी आठ दिवस प्रशिक्षणाला पुण्याला गेलतो, तेवढे आठ दिवस दुपारभर शांत झोपले. बायकोने फोनवर आनंदाने सांगितलं की गोळी लागू पडली. मी परतलो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काठी. मग डॉक्टरांनी एकाच्या दोन केल्या.

आणि मी काय करत होतो, तर त्यांना समजावत होतो. समजावणं हा शब्द मी वापरतोय. खरं म्हणजे खेकसत होतो. गाणं अर्धवट टाकून बाहेर यावं लागलं की माझा पारा चढायचा. ओसरीत त्यांचा दंड धरून मी म्हणायचो, "आबा, मेंढरं विकली. कसलाबी आवाज येत न्हाई. तुमच्या डोक्यात येतो त्यो." असं एकदा नाही, कितीतरी वेळा. ते माझ्याकडे बघायचे, मग जमिनीकडे, आणि आत जाऊन बसायचे.

काही दिवसांनी ते सुनेला विचारायला लागले. "काही वाजतंय का गं?" ती दारात उभी राहून कान द्यायची. आबांच्या खोलीच्या दारापर्यंत तो आवाज पोचत नव्हता हे मला पुढे कळलं. ती म्हणायची, "मामा, ह्यांची गाणी वाजतेत. दुसरं काय न्हाई." मग ते मान हलवायचे. पुढे पुढे त्यांनी विचारणंही सोडलं.

इकडे माझं दुखणं वेगळंच होतं. माझा बेस अजून जमत नव्हता. दिंद्रुडला माझा शाळेतला एक मित्र मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा करतो. लग्नाच्या तिथी संपल्यावर एका गुरुवारी तो आला. खोलीत शिरला, चारी बाजूंना बघितलं, वर बघितलं आणि कमरेवर हात ठेवून हसायला लागला.

"बे, खोली बांधली का डबा? लांबी दहा, रुंदी दहा, आन उंचीबी दहा?"

"मग काय झालं?"

"मग काय होतंय, एकच सूर तिन्हीकडून आपटून तिथंच घुमतो. भिंतीशी साचतो आन मधी मरतो. तू बसलास बरोबर मधी. कशापायी बसलास?"

मी म्हणालो, मधे बसायचं नाही तर कुठे बसायचं. त्याने कपाळावर हात मारला. मग सांगितलं, "आता आणखी सामान आणू नको. आधी खोली वळखून घे. खालचं वाजतंय असं काहीतरी लाव, आन रांगत फीर. उभं राहून कळत न्हाई. कान जमिनीजवळ ठेव. जिथं आवाज साचतो तिथं खडूनं फुली मार, जिथं मरतो तिथं गोल काढ. मग डबा हलव." जाता जाता त्याने आबांच्या भिंतीवर थाप मारली. "आन इतका वाढवू नको. बाकीचा आवाज भिंत आडवती, बेस न्हाई आडवत. पलीकडं कोण ऱ्हातंय?"

"आबा," मी म्हणालो, आणि त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेलो. एवढं सांगूनही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी दुपारी मी खडू घेतला. ढोलाचं एक जुनं रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा वाजेल असं लावलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात, आणि गुडघ्यांवर आलो. बायको शेतात गेली होती, ते बरंच झालं. आबा समोरच्या लिंबाखाली दाढी करून घेत होते. मी खोलीभर रांगलो. मित्राचं खरं होतं. मधोमध गोल, कडेकडेने फुल्या, आणि कोपऱ्यांत तर आवाज असा साचलेला की कानात दडा बसत होता. आबांच्या भिंतीकडच्या बाजूला फुलीला फुली लागली. मला त्या खेळात मजा वाटायला लागली होती. वाटलं, अलीकडे एवढा आहे तर पलीकडे किती असेल, तेही बघू.

ओसरीतून आबांच्या खोलीत गेलो. दारात उभा राहिलो तर काही नाही, दुरून गाण्याची नुसती कुणकुण. खोलीच्या मध्यावर गेलो तरी तेच. मग वाकलो आणि भिंतीकडे रांगत गेलो. तिथे आबांची घोंगडी होती. फरशीवर कान टेकायचा होता म्हणून मी तिच्यावर आडवा झालो, त्यांच्यासारखाच, दंडावर डोकं ठेवून.

मेंढरं उधळली होती.

दुसरं काही म्हणताच येणार नाही. ढोलाचा वरचा आवाज, टाळी, सूर, सगळं भिंतीने खाल्लं होतं. उरली होती ती फक्त जमिनीतून येणारी दुडदुड. एकदम उठायची, फरशीतून दंडात, दंडातून जबड्यात शिरायची, लांब जायची, थांबायची, पुन्हा उठायची. शेकडो खुरं. मी मेंढपाळाच्या पोटी जन्मलोय, लहानपणी वाघुराकडेला झोपलोय. माझे हात आपोआप काठी चाचपडायला गेले.

किती वेळ तसा पडून होतो सांगता येत नाही. आधी वाटलं, भास. मग उठून बसलो तर आवाज गेला, टेकलो तर आला. पुन्हा उठलो, पुन्हा टेकलो. मग एकेक गोष्ट अंगावर यायला लागली. दिवाळीनंतर, म्हणजे डबा आणल्यानंतर. दुपारीच, म्हणजे मी घरी असताना. पुण्याला गेलतो तेव्हाचे आठ दिवस. तळपायाचे फोड. साल विचारल्यावर डॉक्टरांकडे बघणारे आबा. एकाच्या दोन झालेल्या गोळ्या. मी त्यांचा दंड धरून, रोज, तोंडावर सांगितलेलं ते वाक्य. भिंतीला धरून उठलो, माझ्या खोलीत गेलो आणि डब्याची वायर प्लगसकट उपटली. पॉइंटचा तुकडाच हातात आला.

बाहेर लिंबाखाली आबा गळ्यात टॉवेल बांधून बसले होते, हनुवटी वर करून. त्याच क्षणी जाऊन सांगायला हवं होतं. मी उंबऱ्यापर्यंत गेलोही. मग मनाने पळवाट काढली: आधी खोली नीट करू, मग मित्राला बोलावून खात्री करू, मग डॉक्टरांना विचारू, आणि मग आबांना सांगू. सगळं कसं रीतसर. दुधाचं फॅट कमी निघालं तर माणसाच्या तोंडावर सांगणारा मी, माझ्या बापासमोर माझी बोबडी वळली.

पुढचे चार दिवस मी खोली दुरुस्त केली. ते सोपं होतं. खुर्ची मधून काढून मागच्या भिंतीकडे नेली, पण भिंतीला चिकटवली नाही. स्पीकर आबांच्या भिंतीपासून काढून समोरच्या, बाहेरच्या भिंतीकडे मांडले. कोपऱ्यांत काहीतरी जाड, मऊ, खालपासून वरपर्यंत भर, असं मित्राने फोनवर सांगितलं होतं. आबांकडे गेलो आणि लोकरीची पोती मागितली.

"घे की," ते म्हणाले. "माझ्या काय कामाची?"

मी पोती वाहत होतो तर ते काठी टेकत आले आणि माझ्या दारात उभे राहिले. घर बांधल्यापासून पहिल्यांदाच. पोत्यावर पोतं चढताना बघत राहिले. "हे कशापायी?"

"आवाज बरा येतो," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. लोकरीचा वास सुटला होता, तो त्यांनी नाक भरून घेतला आणि परत गेले. जेवण झाल्यावर बायकोने त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या आणि त्यांनी त्या पाण्याबरोबर घेतल्या. मी बघत होतो. चारही दिवस मी बघत होतो. बायकोलाही मी अजून काही सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी खोली जमली. सबवूफर नाही, आवाज निम्म्याहून कमी, आणि तरी ढोल खुर्चीत बसून पुरा ऐकू आला, पोटासकट. आबांच्या घोंगडीवर आडवा होऊन मी आधीच तपासलं होतं, जमिनीतून काही म्हणता काही येत नव्हतं. बायको शेतात. आबा आडवे. मी डोळे मिटून ऐकत बसलो. आणि संध्याकाळी आबांना सांगायचंच, असं ठरवलंसुद्धा.

गाणं संपताना मागून किंकाळी ऐकू आली. आमच्या घरामागे एका बाईचं शेड आहे, तीन शेळ्यांवर तिचं चालतं. धावत गेलो. शेडची जाळी खालून उसकटली होती. चार मोकाट कुत्री मला बघून उसात पळाली. एक शेळी मेलेली होती, दुसरीची मांडी फाडलेली, तिसरी गव्हाणीत चढून थरथरत होती. ती बाई वैरण आणायला गेली होती, परत आली आणि हे बघून किंचाळली. ती मेलेल्या शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, "किती येळ धडपडली असतील रे. कुणालाच कसं ऐकू आलं न्हाई? तुजे आबा घरातच व्हते की."

ते शेड आबांच्या खोलीच्या मागच्या भिंतीपासून वीस पावलांवर आहे.

मी आत गेलो. आबा घोंगडीवर तसेच पडले होते, एक कान जमिनीला. मला वाटलं गोळीने झोपलेत. वाकून बघितलं तर डोळे टक्क उघडे होते. काठी हाताशी होती, आणि बोटं तिच्यावर घट्ट आवळलेली.

"आबा, मागं कुत्री पडली शेळ्यांवर. तुमाला काही ऐकू आलं न्हाई?"

"आलतं," ते म्हणाले. "लई येळ आलं. उठणार व्हतो. मग म्हणलं, तू म्हणतोस न्हाई, तर न्हाई."

मी त्यांच्याजवळ फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. डबा, भिंत, खडू, त्यांच्या जागेवर झोपून मला काय ऐकू आलं ते. तुमचा कान बरोबर होता आबा, पहिल्या दिवसापासून, असंही सांगितलं. माझं संपल्यावर ते भिंतीला हात लावून हळूहळू उठून बसले. जड झालेली जीभ त्यांनी ओठांवरून फिरवली.

"मग त्या गोळ्या कशाच्या व्हत्या?"

त्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होते.